जॉब कार्डवरचं ‘ओके’

दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ०६४० वाजता आमची तुकडी पोलादपुरात पोहोचली. एक मेजर साहेब, तीसेक जवान, चार गाड्या. मी हवालदार, ऑटो इलेक्ट्रिशियन. गाडीची बॅटरी, वायरिंग, दिवे हे माझं खातं. माझं घर महाडला, चवदार तळ्यामागच्या गल्लीत, तिथून अर्ध्या तासावर. पण रिलीफ ड्यूटीवर घर आठवायचं नसतं. शाळेच्या पटांगणात तळ पडला.

उमरठच्या रस्त्याला डोंगराच्या पोटात एक वाडी होती. तिची निम्मी घरं मातीखाली गेली होती. जवान खाली ढिगारा उपसत होते, आणि वर रस्त्याच्या वळणावर, गाडीच्याच बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओची जीप उभी असायची, कारण तिथून डोंगराचा माथा दिसायचा. माथ्यावरची माती हलली की जीपवाल्याने रेडिओवर सांगायचं आणि खालच्यांनी पळायचं. खाली खणणाऱ्या प्रत्येकाचा जीव त्या एका गाडीच्या भरवशावर होता.

जीपचा ड्रायव्हर लान्स नायक सुरेश उतेकर. त्याचं गाव त्याच वाडीच्या पलीकडच्या डोंगरात. बोलणं तिथलंच, सैन्यात दहा वर्षं काढूनही सुधारलं नाही असं आम्ही चिडवायचो.

तळ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी १७१५ला तो माझ्याकडे आला.

“उस्ताद, गाडी रुसते.”

“रुसायला काय नवी नवरी आहे?”

“हसू नका. लाल दिवा लागतो. उतारावर डावीकडं कलली की लागतो, सरळ झाली की जातो. चार्जिंग होत नाय तेव्हा.”

मी बॉनेट उघडलं. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्ट. चालू केलं, चौदाच्या वर. हेडलाइट लावले, वायपर लावले, काटा ढळला नाही. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा दाबून पाहिला, बॅटरीचे टर्मिनल घासले, वायरी हलवल्या. लाल दिवा काही लागेना.

“उस्ताद, वळणापर्यंत एक फेरी या ना माझ्यासंगं. तिथंच करते ती.”

चहा आला होता. पाय भिजून पांढरे पडले होते. मी म्हटलं, “मीटर खोटं बोलत नाही, उतेकर. तुम्हा ड्रायव्हर लोकांना गाडीत भुतं दिसतात.” आणि जॉब कार्डवर लिहिलं: चेक्ड, ओके, आणि खाली सही केली. कार्डावर तक्रारीचा रकाना असतो. तिथे इंग्रजीत ‘रुसते’ कसं लिहायचं ते सुचेना, म्हणून तो रकाना मी कोराच सोडला. उतारावर, डावीकडे, ही त्याने दिलेली खूण त्या कोऱ्या रकान्यात हरवली. सपाट पटांगणात उभ्या गाडीवर मी शहाणपण मिरवलं.

तिसऱ्या दिवशी मी खाली ढिगाऱ्याजवळ, रेडिओ सेटच्या शेजारी होतो. १०३० वाजता वरून आवाज आला.

“बेस, बेस. लाल दिवा पेटलाय. विझत नाय. ओव्हर.”

ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. मी हँडसेट घेतला. “गाडी चेक केलेली आहे. इंजिन चालू ठेव, पोस्ट सोडू नको. ओव्हर.”

“रॉजर, उस्ताद.”

वाद घातला नाही त्याने. घातला असता तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

११२२. “बेस, बेस. वरचं पाणी गढू—” आणि सेट गप्प.

ऑपरेटर म्हणाला, “बॅटरी बैठ गयी क्या?” मी म्हटलं, “गाडी ओके आहे. हँडसेट भिजला असेल, येईल परत.” पाणी गढूळ होणं म्हणजे डोंगर सुटणं, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागतं का? पण माझं सगळं लक्ष माझी सही खरी करण्यात. पाच मिनिटं आम्ही त्या मुक्या सेटकडे बघत बसलो.

११२७ला उतेकर पायवाटेने धावत खाली आला. हॉर्नही वाजत नव्हता म्हणून स्वतःच ओरडत आला. “पळा रे! फुटलंय वर! पळा!” मेजर साहेबांनी शिट्टी मारली. सगळे जवान खोरी-घमेली टाकून ओढ्यापलीकडे गेले. मीही गेलो.

वाडीच्या कडेला एक गोठा उभा होता. तिथली एक म्हातारी बाई आपली म्हैस सोडून निघायला तयार नव्हती. आदल्या दिवसापासून सगळे तिला विनवून थकले होते. उतेकर तिच्याकडे वळला. “गो आये, ऊठ गो! म्हस मी आणतो, तू ऊठ!” तिला पाठुंगळी घेतलेलं आम्ही पलीकडून पाहिलं. ११३१ला डोंगर आला. दोघेही त्यात गेले. दुसरं कुणीही गेलं नाही.

दोन दिवसांनी तो सापडला. ओळख पटवायला, त्याच्या मुलखातला म्हणून मलाच बोलावलं.

मग मी वळणावर गेलो. जीप उतारावर, डावीकडे कललेली, त्याने सोडली होती तशीच. दुसरी बॅटरी जोडून स्टार्ट केली. लाल दिवा विझेना. टॉमीचा लोखंडी दांडा लावून इंजिन जरा उजवीकडे ढकललं, दिवा विझला. सोडलं, परत लागला. रेग्युलेटरकडून अल्टरनेटरला जाणारी बारीक वायर ब्लेडने सोलली. वरचं प्लॅस्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. गाडी सपाट असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची. इंजिन कललं की सुटायची. त्याच्याबरोबर वळणापर्यंत गेलो असतो, तर दहा मिनिटांचं काम होतं. मी तिथेच रस्त्यात बसून रडलो.

चौकशीत मी सगळं सांगितलं. शिक्षा झाली, ती रास्त होती. पण चौकशीचा कागद ऑफिसात राहतो, तो गावात जात नाही. निवृत्त होऊन महाडला आलो, आणि एकदा पोलादपूरच्या एसटी स्टँडवर दोघांचं बोलणं कानी आलं. “उतेकराचा सुरेश? रेडियो बंद करून झोपला व्हता म्हणं गाडीत. मग धावपळ.” माझ्या अंगाची लाही लाही झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर तिथेच बाकावर पिशवी घेऊन बसलेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील ओटीवर दोरी वळत होते. मी कोण ते सांगितलं, मग गाडीचं सांगितलं. काहीही गाळलं नाही, चहाचंही नाही. ते दोरी वळतच राहिले.

“त्यानं सांगितलेलं तुम्हाला? गाडी बिघडल्याली हाय म्हणून?”

“दोनदा सांगितलं होतं, बाबा.”

“मला एकट्याला सांगून काय उपेग? गावकीत सांगा.”

गावकी देवळात बसली. बायकाही दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी सावधानमध्ये उभा राहिलो, दुसरं काही सुचलं नाही. म्हणालो, “लान्स नायक सुरेश उतेकर यांनी गाडी बिघडल्याचं वेळेवर कळवलं होतं. मी तपासणीत चूक केली आणि गाडी ठीक आहे असं लिहून दिलं. ते शेवटपर्यंत पोस्टवर जागे होते. मी आज जिवंत आहे तो त्यांच्यामुळे.”

एसटी स्टँडवरचा एक जण समोरच बसला होता, तो खाली बघत होता. सुरेशचा म्हातारा बाप खांबाला धरून उठला. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. सगळ्या गावकीवरून नजर फिरवली आणि म्हणाला,

“आयकलात? माझा पोर झोपला नव्हता.”