हार घातलेली हापशी

मित्रहो, आज परदेशी पाहुण्यांना काजूची बिस्किटे मिळाली आणि दुभाष्याला, म्हणजे मला, कोरा चहा. या अन्यायाची नोंद व्हावी.

समुद्रपूरजवळच्या एका गावात, त्यांच्या संस्थेने बसवलेल्या हापशीचे मूल्यमापन होते. मागच्या खेपेस प्रकल्प अधिकाऱ्याने मला चारचौघांत दटावले होते, "गुरुजी, गोड तेवढंच सांगा."

आज कोणी हापसू नये म्हणून दांड्याला हार बांधलेला. पाहुण्यांनी गावातल्या कौतिकाबाईंना विचारले, पाणी कसे आहे?

"हार काढून हापसून पाहा न बाप्पा. वर्ष झालं, थेंब नाई. काल काऊन रंगवली, हे साहेबालेच इचारा."

मी अन्वयासह भाषांतर केले, एक अव्ययही गाळले नाही. प्रकल्प अधिकारी साहेबांचा चेहरा पाहून बिस्किटांचे दुःख विसरलो.

आता मात्र भीती वाटते. प्रकल्प फसला असे लिहून पाहुणे निघून जातील, आणि कौतिकाबाई उद्याही नाल्यावरूनच पाणी आणतील.