पाहुण्याचं घंगाळ

अण्णा गेल्याचं मला कल्याण स्टेशनाबाहेर एका टांगेवाल्यानं सांगितलं आणि मी हातातल्या टोपलीसकट धावत सुटलो. टोपलीत ओल्या गोणपाटाखाली ठाण्याच्या खाडीतल्या जिवंत निवट्या होत्या. एरवी ही मासळी मी अण्णांकडे मागच्या दारानं, चोरासारखी न्यायचो. त्या सकाळी भान राहिलं नाही. पुढच्या दारानं शिरलो, उंबऱ्याला ठेचाळलो आणि ओसरीवर गंभीर चेहऱ्यानं बसलेल्या ब्राह्मणमंडळीत निवट्या टणाटण उड्या मारू लागल्या. एक तर शास्त्रीबुवांच्या उपरण्यात शिरली. मयताच्या घरी मासळी... आमच्या घराण्यात एवढा पराक्रम दुसऱ्या कुणी केला नसेल.

मंडळी सोवळं सावरत उठली ती गेलीच. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. पण नंतर वहिनींनी सांगितलं, ती खांदा द्यायला आलीच नव्हती. घरात येणाऱ्या मासळीचं प्रायश्चित्त कबूल करा, मग मयत उचलतो, हे सांगायला आली होती. वहिनींनी नकार दिला. ज्यांची बाराखडी अण्णांनी गिरवून घेतली, ती माणसं आपापल्या खिडक्यांतून बघत राहिली आणि आमचे मास्तर बैलगाडीवरून स्मशानात गेले.

अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. थंडी पडली की साहेबलोक कल्याणच्या खाडीवर बदकं मारायला येत. मेलेली बदकं तंबूत जात. छर्रे लागून अर्धमेले झालेले पक्षी चिखलात राहत. शाळा सुटली की अण्णा धोतर खोचून त्या चिखलात उतरत. पक्ष्याच्या डोळ्यांवर फडकं टाकायचं, पंख अंगालगत ठेवून जुन्या धोतराच्या पट्टीनं सैल बांधायचा, जखमेला हळदतेल लावायचं आणि गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तांब्याच्या घंगाळात पाणी भरून ठेवायचं. दाणे खाणाऱ्या पक्ष्यांबद्दल गाव फक्त हसलं. पहिला बगळा आला आणि गावाचा धर्म बुडाला.

अण्णांना वाळीत टाकायला ग्रामण्य केलं ते कल्याणच्याच एका रावसाहेबांनी. त्या बैठकीला मी होतो, अर्थात खांबाआड.

"मास्तर, ब्राह्मणाच्या घरात मासे?"

"मी खात नाही, पाहुणा खातो," अण्णा म्हणाले.

"मग पाहुण्याला वरणभात घाला की!"

"घातला होता हो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की यजमान म्हणून मलाच लाज वाटली."

मी खांबाआड हसलो. दुसरं कुणी हसलं नाही. त्याच रावसाहेबांच्या बागेत साहेबांचे तंबू पडत, त्यांच्याच विहिरीवर साहेबांची कोंबडी धुतली जाई, पाखरं उठवायला माणसंही हेच पुरवत. त्यानं काही बाटत नव्हतं. बाटत होतं ते एका जखमी जिवाला घास भरवल्यानं! अण्णांचं पाणी तोडलं, मुंज-लग्नाची बोलावणी बंद झाली. कल्याणात त्यांना मासळी विकू नये अशी तंबी निघाली, तेव्हा ते काम माझ्यासारख्या भित्र्या कारकुनाकडे आलं. ठाण्याच्या बाजारात कोळीण मला बघून ओरडायची, "काय रं भटा, आज कालवान का?" आणि मी पगडी पुढे ओढायचो. ठाण्याच्या घरी आमच्या कुटुंबाचा, म्हणजे बायकोचा, नियम असा, की टोपली मागच्या दाराशी, कुंपणाबाहेर ठेवायची आणि विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही.

अण्णांच्या मागे गोठ्यात एक मोठा राखी बगळा उरला होता. त्याचा डावा पंख अजून लोंबत होता. तेरावं झाल्यावर शास्त्रीबुवांचा निरोप आला, "पक्षी घराबाहेर टाका, ग्रामण्य उठवतो." बाहेर म्हणजे कोल्ह्यांपुढे. वहिनी माहेरी निघाल्या होत्या. मी बगळा आणि घंगाळ होडीत घालून ठाण्याला आणलं. वाटेत त्यानं माझ्या मनगटावर चोच मारली. तिची खूण अजून आहे.

घरी कुटुंबाचा नियम तोच. बगळा मागच्या पडवीत, मासळी मागच्या दारानं, अंघोळ विहिरीवर. मात्र एकदा आतून आवाज आला, "निवट्या लहान आणणं व्हावं. मोठी त्याच्या घशात अडकते." म्हणजे बघत होती तर.

बगळा बरा झाला. अण्णा पक्षी सोडायचे ते वाऱ्याकडे तोंड करून, आणि सोडला की लगेच पाठ फिरवायचे. "बघत राहिलं की परत बोलावल्यासारखं होतं," म्हणायचे. खाडीच्या बांधावर मीही पाठ फिरवली. पंखांचे जड फटके ऐकू आले, मग आलेच नाहीत... आणि थोड्या वेळानं कोलशेतच्या अंगानं बंदुकीचे दोन बार झाले. कशावर झाले, देव जाणे.

घरी येऊन रिकामं घंगाळ उचललं, माळ्यावर टाकावं म्हणून. डोळ्यांपुढे अण्णांना नेणारी ती बैलगाडी होती. कुटुंब स्वयंपाकघरातून आलं, माझ्या हातातून घंगाळ घेतलं, पाण्यानं भरलं आणि रस्त्यावरून दिसेल असं पुढच्या ओसरीवर ठेवलं. समोरच्या खिडकीत शेजारीण उभी होती. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"थंडी सरायची आहे अजून. भावोजींचे पाहुणे येतील. यापुढे मासे पुढच्या दारानं आणणं व्हावं."