कपाटावरच्या बाटल्या

लेकरांच्या पाण्याच्या बाटल्या कपाटावर ठेवायची युक्ती माझी होती. शाळा चालवणाऱ्या मॅडमची नाही, माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण विचारलं गेलं तेव्हा मी ते सांगितलं नव्हतं.

परभणीतल्या एका गल्लीत, भाड्याच्या घरात आमची नर्सरी भरायची. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागे घरमालक. भिंतीवर ससा, सफरचंद आणि इंग्रजी अक्षरं रंगवलेली, डोक्यावर पत्रे. मी झरीहून रोज सकाळच्या एसटीने यायचे. माझ्या खोलीत तीन-चार वर्षांची अठ्ठावीस लेकरं होती. संडास मागे, घरमालकाच्या अंगणातून जायचं, आणि त्या अंगणाच्या दाराला आतून कडी. आधी एक मावशी होती, ती लेकरांना न्यायची, धुवायची, परत आणून बसवायची. दिवाळीनंतर मॅडमनी तिला काढून टाकलं. "तुम्हीच बघा ना थोडं, टीचर. आपलीच लेकरं आहेत," म्हणाल्या.

आपलीच लेकरं मग रोज चार-पाच चड्ड्या ओल्या करू लागली. एकाला धुवायला न्यावं तर उरलेली सत्तावीस एकमेकांच्या डोक्यात पाट्या घालत. कडी उघडायला घरमालकीण दहा हाका मारायला लावायची. मला भयंकर राग यायचा, आणि तो लेकरांचा यायचा. मॅडमवर रागवायची माझ्यात धमक नव्हती.

एके दिवशी लेकरं आल्या आल्या मी सगळ्यांच्या बाटल्या काढून घेतल्या आणि कपाटावर रांगेने लावल्या. सुटायच्या आधी त्या खाली काढायच्या, प्रत्येकाने दोन घोट प्यायचे, मी मोजणार. "वन, टू, फिनिश." तोवर बाहेर रिक्षा लागलेल्या असायच्या, त्यानंतर लेकरू कुठे मुतायचं ते मुतो. आठवड्याभरात चड्ड्या कोरड्या राहू लागल्या. जे लेकरू कोरडं राहील त्याच्या हातावर मी चमकीचा स्टार चिकटवायचे. पालकसभेत मॅडम म्हणाल्या, "आमच्या टीचरनी किती छान सवयी लावल्यात बघा," आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या. मीही लाजल्यासारखं केलं.

मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे जास्त वाईट. मी शिकले त्या शाळेत मुलींना जायला जागाच नव्हती. सकाळी घरून निघताना पाणी प्यायचं नाही, हे मला आईने शिकवलं होतं. एसटीच्या प्रवासात तेच, नोकरीतही तेच. बाईच्या जातीला हे कधी ना कधी शिकावंच लागतं, मग लवकर शिकलेलं बरं, असं मी मनात म्हणायचे. मुलग्यांना का शिकवत होते, हे मी स्वतःला विचारलंच नाही.

त्या अठ्ठावीसात कापड दुकानवाल्यांची एक मुलगी होती. घर शिवभक्तांचं, आजी रोज पूजा झाली की नातीच्या कपाळाला भस्म लावून पाठवायची. सुरुवातीला ती इतरांसारखीच मागायची. "टीचर, पानी." मी म्हणायचे, "गुड गर्ल पाणी मागत नाहीत." तीन-चार दिवस रडली. एकदा कपाटाला धरून उभी राहिली आणि वर बघत राहिली, तर मी तिला बखोटीला धरून जागेवर बसवलं आणि त्या दिवशीचा स्टार दिला नाही. घरी जाऊन ती म्हणे त्या स्टारसाठी जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने मागणं सोडलं. मग तिला रोज स्टार. आजी ते स्टार देवघराच्या दारावर चिकटवते, असं तिची आई मला कौतुकाने सांगायची. वर्गात सगळ्यात शहाणी तीच, असं मी चारचौघांत सांगू लागले.

मार्च लागला, पत्रे तापू लागले. लेकरं दहा वाजताच मलूल पडायची, आणि मला वाटायचं, बरं आहे, गोंगाट नाही.

मार्चच्या शेवटी ती आठवडाभर आली नाही. मग एके सकाळी तिची आई आली, हातात लेकराची बाटली. पोरीला ताप भरला होता, लघवीला बसली की किंचाळायची. दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, ही पाणी किती पिते? त्या प्रश्नावरून घरात आग लागली होती.

मॅडम माझ्याच वर्गात खुर्चीत बसल्या होत्या, मी शेजारी उभी. आई बसलीच नाही.

"टीचर, बाटली रोज भरलेलीच वापस यायची. मी म्हनलं शाळेत दुसरं पानी देत असतील, म्हणून मी कोणाला बोलले न्हाई. आता आत्याबाई म्हणायल्यात, ही माय हाय का कोण हाय, पोरगी वाळली तरी हिला दिसलं न्हाई. ह्यांनी तर बोलणंच टाकलंय. तुमी फकस्त एवढं सांगा, पोरगी शाळेत पानी पेती का न्हाई?"

आत्याबाई म्हणजे तिची सासू, स्टार चिकटवणारी तीच आजी. त्या बाईला माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. ते घेऊन ती घरी गेली असती आणि तिची मान वर झाली असती.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "टीचर, बाटली तिच्याजवळच असते ना?"

त्यांच्या मागेच कपाट होतं आणि कपाटावर सत्तावीस बाटल्या. कोणीही मान वर करून बघितलं असतं तर दिसल्या असत्या. आईने बघितलं नाही, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"असते की," मी म्हणाले. "तीच पीत नाही. लय हट्टी आहे." तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खोटं बोलणाऱ्याला धीर चढतो. "खरं म्हणजे ही सवय घरूनच लागायला पाहिजे, ताई."

तिने हातातली बाटली टेबलावर ठेवली. मग "व्हय, माझंच चुकलं असंल," असं म्हणून निघून गेली. बाटली टेबलावरच विसरली. मॅडमनी ती उचलून माझ्याकडे दिली आणि मी ती सवयीने कपाटावर ठेवली.

नोकरीला लागताना मी एका हमीपत्रावर सही केली होती. आता त्याची प्रत माझ्याजवळ आहे. बालकास शारीरिक वा मानसिक शिक्षा करणार नाही, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह यांपासून वंचित ठेवणार नाही, असं त्यात स्पष्ट मराठीत लिहिलेलं आहे. मी न वाचता सही केली, हे सांगायची लाज वाटते, पण वाचून केली असती तरी फरक पडला नसता. शिक्षा म्हणजे छडी, अशी माझी पक्की समजूत होती. मी तर कधी कोणाला चापटसुद्धा मारली नव्हती, आणि त्याचा मला गर्व होता.

ती मुलगी परत आली नाही. पुढच्या जूनमध्ये मीही ती नोकरी सोडली, मन खात होतं म्हणून नव्हे, घराजवळ दुसरी मिळाली म्हणून.

वर्षभराने धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. साड्या घ्यायला आम्ही परभणीला आलो आणि बहीण नेमकी त्या मुलीच्या घरच्याच दुकानात शिरली. मी पाटी वाचली आणि पाय दारातच अडखळला. पण गादीवरच्या आजीने मला ओळखलं होतं.

"या या, टीचर! आवो, नातीची टीचर आली. पानी आण गं!"

आतल्या दारातून ती आली. उंच झाली होती, पण हाडं तेवढीच. कपाळावर भस्म. दोन्ही हातांनी पेला धरून तिने मला पाणी दिलं. तिच्या मागे तिची आई दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली आणि मला बघून नुसती मान हलवली.

"हिच्यापायी सारखं दवाखान्यात जावं लागतं, टीचर," आजी म्हणाली. "डाक्टर म्हणतेत पानी पाजा, ही पेतच न्हाई. मायनं येळेवर ध्यान दिलं न्हाई, आता भोगा." हे ती सुनेदेखत, गिऱ्हाइकांदेखत बोलली, आणि सून तशीच उभी राहिली, कारण हे बोलणं तिला रोजचं झालं होतं. "जा, तूबी पानी आण अन् गोळी घे टीचरसमोर. यांचं तरी ऐक."

मुलगी दुसरा पेला घेऊन आली. गोळी तोंडात टाकली, पेला ओठाला लावला आणि माझ्याकडे बघून थांबली.

"टीचर, पिऊ?"

दुकानातले हसले. आजीला तर फारच कौतुक वाटलं. मी म्हणाले, "पी, बाळा."

तिने एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग पेला खाली केला, हाताने तोंड पुसलं आणि जवळजवळ भरलेला पेला आईकडे न्यायला वळली.

"अगं, सगळं पे की," आई म्हणाली. "दोनच घोट काहून?"

"दोनच असतेत," मुलगी म्हणाली. "वन, टू, फिनिश. बाटली टीचर कपाटावर ठेवती."

कोणी हसलं नाही. आईने आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं ती ओरडेल, निदान सासूकडे वळून काहीतरी बोलेल. ती पुढे आली, माझ्या हातातला पेला काढून घेतला, दुकानाच्या पायरीवर ओतला आणि आत निघून गेली. गादीवरची आजी उघडलेली साडी घडी करायला लागली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बहीण विचारत होती, काय झालं, सांग की. मला तहान लागली होती. बसस्टँडवर पाणी मिळत होतं, पण झरीला पोचेपर्यंत मी ते प्याले नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता, मला ती सवयच होती.