फुलात असताना फवारायचं नाही

दुकानाच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी एकनाथ तुपे तोंड सुजवून यायचा. कधी एक डोळा मिटलेला, कधी वरचा ओठ भरताच्या वांग्यासारखा. शटर वर करायचा, अगरबत्ती लावायचा आणि काउंटरमागे उभा राहून पहिल्या गिऱ्हाइकाला विचारायचा, "बोला मामा, कंचं पीक हाय?" जणू ते तोंड दुसऱ्याच कुणाचं होतं.

"आरं एकनाथ, वहिनीनं लाटणं घेतलं का काय?" गिऱ्हाईक हसायचं.

"लाटण्याची सूज लांबट येती मामा. ही गोल हाय," एवढंच तो म्हणायचा आणि बियाण्याची पिशवी पुढे सरकवायचा.

शेवगावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. एकनाथ मिसरूड फुटलेलं असताना माझ्याकडे लागला आणि केस पांढरे होईपर्यंत काउंटरला उभा राहिला. मी त्याला कायम अरे-तुरे केलं. आता मागून 'एकनाथराव' म्हणावंसं वाटतं, पण त्याच्या कानावर गेलं तर तो म्हणेल, दादांना काहीतरी पायजेल असणार. आणि तसं म्हटलं तर त्याचं चुकणार नाही.

ती सूज मला बघवायची नाही. काळजीनं नव्हे, ती कशाची ते मला माहीत नव्हतं म्हणून. धंद्यात माझा स्वभाव असा झालाय की न सांगितलेली गोष्ट म्हणजे माझ्याविरुद्धचीच गोष्ट. आधी वाटलं पितो. मग वाटलं कुठंतरी मारामाऱ्या करतो. मग औषध कंपनीच्या एका विक्रेत्यानं चहा पिता पिता खडा टाकला, "तुमचा माणूस सोनईला दिसला, दादा. बांधावर बसून शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर घेत होता." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा स्वतःचं दुकान काढणार. माझ्या पगारावर माझीच गिऱ्हाइकं फोडणार.

त्या दिवसापासून मी पाळत ठेवली. तो जेवायला गेला की त्याचा ड्रॉवर उघडून बघायचो. फोनवर हळू बोलला की बिलं चाळायचं नाटक करत जवळ सरकायचो. एकदा ऐकू आलं, "न्हाई, न्हाई, राणी असल्याबिगर काय उपयोग? पयली राणी बघा." मी सर्दच झालो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "ह्या वयात एकनाथभावजी? शोभतं का तुम्हाला असं बोलणं?"

मग एके दुपारी मी आत खताच्या पोत्यांआड उभा होतो. भातकुडगावकडचे एक म्हातारबा काउंटरला आले. कांद्याच्या डोंगळ्यावर, म्हणजे बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याच्या फुलांवर, फुलकिडा पडलाय, औषध द्या म्हणाले.

"गोंडे उमललेत का बाबा?" एकनाथनं विचारलं.

"उमललेत की."

"मग आता काय मारू नका. फुलात असताना फवारायचं न्हाई. बी भरायचं न्हाई तुमचं. लईच वाटलं तर पुन्हा या, सौम्य देतो, ते दिवस मावळल्यावर मारा."

म्हातारबा रिकाम्या हाताने गेले. मी पोत्यांआडून बाहेर आलो आणि म्हणालो, "एकनाथ, हे दुकान कशाचं आहे?"

तो गडबडला नाही. "सांगनारच हुतो दादा," म्हणाला. "मी मधमाश्या पाळतोय. दोन-तीन वर्षं झाली. डोंगळ्याचं बी माशीबिगर भरत न्हाई. लोकांच्या रानात पेट्या ठेवायच्या, त्याचं भाडं घ्यायचं, असा धंदा हाय तो. येत्या पाडव्याला मला मोकळं करा."

मग त्यानं त्याचा सगळा बेत सांगितला. मला तेव्हा तो पाठ केलेला वाटला. तो आधी एका पेटीपासून शिकला. सुट्टीच्या दिवशी एका जुन्या माणसाकडे फुकट राबला, डंख खाल्ले. बायकोला आधी माश्या शांत करायचं धुराडं हातात धरायला शिकवलं, मग नोकरी सोडायचं तिच्यापुढे काढलं. कोणत्या शिवारात कोणतं फूल कधी येतं ते काउंटरला येणाऱ्या शेतकऱ्यांनाच विचारत गेला. "काम बदलायचं तर नव्या कामाचे डंख आधीच खाऊन घ्यायचे दादा," तो म्हणाला. "सोडल्यावर खाल्ले तर रडू येतं. पगार चालू असताना खाल्ले तर नुस्ती सूज येती."

साळसूदपणे मान हलवली मी. मनात म्हटलं, माश्यांवर कुणाचं घर चाललंय? माश्या हे पांघरूण आहे, खाली दुकानच आहे.

एक गोष्ट त्यानं मागितली. माझ्या रानात त्या साली डोंगळे होते. तिथे तो पेट्या ठेवणार, भाडं नाही. बी भरलं की आसपासचे शेतकरी डोळ्यांनी बघतील आणि पुढच्या साली पैसे देऊन बोलावतील. त्या भरवशावर तो पाडव्याला काउंटर सोडणार. "तुमच्या रानाचं नाव झालं की माझं झालं," म्हणाला. अट एकच होती. फवारायचं झालं तर आदल्या दिवशी सांगायचं; तो संध्याकाळी येऊन पेट्यांची दारं बंद करणार.

माझ्या रानाला लागून किसन साळव्यांचं रान आहे. किसन आणि एकनाथ एका बाकावर शिकलेले. झाडावरचं पहिलं मोहोळ एकनाथनं काढलं तेव्हा खाली फडकं धरून किसनच उभा होता. पेट्या उतरवायलाही तोच आला. दोघांना बाभळीखाली बसून भाकरी खाताना मी बघितलं. पेट्यांची तोंडं उगवतीला करायची की नाही यावर त्यांचं भांडण चाललं होतं.

"तुला काय कळतंय? तू औषधं इकनारा मानूस," किसन म्हणाला.

"म्हनूनच कळतंय. मारायचं कसं ते ठावं हाय, म्हनून जगवायचं कसं ते कळतंय."

"मंग माज्या डोक्यातल्या उवा जगव!"

दोघं खो-खो हसले. मला वाटलं, माझ्यावर हसतायत.

डोंगळे फुलले. रान पांढरं झालं आणि त्यात दिवसभर गुणगुण. तालुक्यातले लोक बघायला येऊ लागले आणि येणारा प्रत्येक जण माझ्याशी नाही, एकनाथशी बोलायचा. माझा जीव खालीवर होत होता. कुणीतरी म्हणालं, माश्या फुलातला रस ओढून घेतात, बी पोचट राहतं. मी औषधविक्रीचं शिक्षण घेतलेला माणूस. हे खोटं आहे हे मला माहीत होतं. पण संशयाला आधार लागतो, खरेपणा लागत नाही. फुकट कुणी काही देत नाही, हे मी स्वतःला रोज सांगत होतो.

एका सकाळी गोंड्यांवर फुलकिडे दिसले. थोडेच होते. एकनाथला फोन करायला हवा होता. मी केला नाही. गड्याला म्हटलं, पंप भर. ऊन चांगलं वर आलेलं, माश्या भरात होत्या. औषधही मीच काढून दिलं, कडक होतं ते. का, हे मी बरीच वर्षं स्वतःलाही नीट सांगितलं नाही. आता सांगतो. बी बिघडलं तरी चालेल, पण एकनाथ जाता कामा नये, एवढंच होतं ते. माश्या मरतील हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

दुसऱ्या दिवशी एकनाथ रानात आला. पेट्यांपुढे माश्यांचा काळा सडा पडला होता. काही जिवंत होत्या, जागच्या जागी गरगर फिरत होत्या. तो उकिडवा बसला, एक माशी तळहातावर घेतली आणि हुंगली. काउंटरवर आयुष्य गेलेला माणूस, त्याला वास कळणारच.

"दादा, वास आपल्या रानात बी येतोय," म्हणाला.

"वारं तिकडनं होतं काल," मी म्हणालो. "साळव्यानं हरभऱ्यावर मारलं असेल."

एवढं एकच वाक्य. ते बोलायला मला अजिबात जड गेलं नाही. का गेलं नाही, हे आमच्या गावाकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. वस्तीवरच्या, बुद्धविहाराकडच्या माणसाच्या नावावर काहीही टाकलं तरी ते चिकटतं. हे मला बोलायच्या आधीच ठाऊक होतं.

"परवाच बाटली नेली त्यानं," एकनाथ सावकाश म्हणाला. "मीच दिली."

तो सरळ किसनकडे गेला. काय बोलणं झालं ते मला तेव्हा कळलं नाही. लांबून फक्त किसनचे वर गेलेले हात दिसले. त्यानंतर बाभळीखाली दोघं एकत्र बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

पाडवा आला. एकनाथनं काउंटर सोडला नाही. त्यानं बाकीच्या पेट्या वेगवेगळ्या शिवारांत विखुरून ठेवल्या होत्या, म्हणून धंदा समूळ गेला नाही; पण दाखवायचं रान हातचं गेलं. बायकोला त्यानं सांगितलं, "एक वर्स मागं गेलं. मोडलं न्हाई, मागं गेलं." ते वर्ष तो माझ्याकडेच राहिला, म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं. त्यानं काउंटरवर एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तेच "बोला मामा". मी मात्र त्या चांगुलपणाकडेही संशयानं बघत राहिलो. याला कळलंय, हा काहीतरी शिजवतोय. माणूस पाप करतो आणि वर ज्याचं वाईट केलं त्याच्यावरच डोळा ठेवतो.

पुढच्या हंगामात त्यानं दुसऱ्या एका रानात पेट्या ठेवल्या. बी असं भरलं की लोक गोंडा तळहातावर झाडून एकमेकांना दाखवायचे. त्या पाडव्याला तो गेला. जाताना माझ्या पाया पडला. मी खिशात हात घालून उभा होतो. आज नेवाशापासून पाथर्डीपर्यंत लोक त्याला बोलावतात. त्याच्या टेम्पोवर पेट्या आणि पुढे त्याची बायको, डोक्याला जाळी गुंडाळलेली. कुणी नोकरी सोडायचा सल्ला मागितला की म्हणतो, "उडी मारायची न्हाई. पायरी बांधायची, मग उतरायचं. आन् रुसायचं न्हाई. रुसलेल्या मानसाला माशी बी वळखती."

तिथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण यंदा डोंगळे लावायच्या दिवसांत किसन साळवे दुकानात आले. त्या फवारणीनंतर इतक्या वर्षांत ते माझ्याकडनं काही घ्यायचे नाहीत. लांबच्या दुकानात जायचे.

"यंदा डोंगळं लावलंय," म्हणाले. "पेट्या पायजेत. एकनाथ माझ्या रानात ठेवत न्हाई. समद्या शिवाराला देतो, मला तेवढं न्हाई म्हनतो."

"मग मी काय करू?"

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत राग नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "तुमी एक शब्द टाका, दादा. तुमच्या एका शब्दानं बिघडलं, तर तुमच्याच शब्दानं नीट हुईल."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पुढे कळलं, त्यांनी त्या सकाळी बांधावरून माझ्या गड्याला पंप घेऊन जाताना पाहिलं होतं. इतकी वर्षं पाहिलेलं ते घेऊन बसले होते, आणि आता माझ्या काउंटरवर येऊन ठेवत होते.

मी एकनाथकडे गेलो. तो अंगणात पेटीच्या चौकटी घासत होता. पाणी आलं, चहा आला. मी चहा न पिता सांगितलं. फोन केला नाही तेही सांगितलं, औषध मी काढून दिलं तेही. त्याचा हात चौकटीवर थांबला.

"किसन मला त्याच दिवशी बोलला हुता," तो म्हणाला. "दादांच्या गड्याला मी बघितलंय म्हनला. मी त्याला म्हनलो, दादांचं नाव घेतलंस तर पुन्हा तोंड दावू नको."



"मी समदं धरून चाललो हुतो, दादा," तो हळू म्हणाला. "रोग धरला हुता. दुस्काळ धरला हुता. बायको न्हाई म्हनंल ते बी धरलं हुतं. चोर धरला हुता. तुमाला धरलं न्हवतं."

चौकट बाजूला ठेवून तो उठला, चप्पल घातली आणि मोटरसायकल काढली. कुठे जातो ते बोलला नाही. मला बसायलाही म्हणाला नाही, जायलाही. त्याची बायको दारात उभी होती. तिनं माझ्यापुढचा थंड झालेला कप उचलून आत नेला.

आता साळव्यांच्या रानात पेट्या आहेत, अगदी माझ्या बांधाला लागून. सकाळी मी रानात जातो तेव्हा एकनाथ पलीकडे बाभळीखाली असतो. किसन काहीतरी बोलतात, तो हसतो. मी दिसलो की मान हलवतो, गिऱ्हाइकाकडे बघून हलवावी तशी. बांध ओलांडून तो माझ्या बाजूला येत नाही आणि मी बोलवत नाही. त्याच्या माश्या मात्र बिनदिक्कत इकडे येतात आणि माझ्या गोंड्यांवर दिवसभर राबून संध्याकाळी पलीकडे जातात. यंदा माझं बी चांगलं भरणार आहे.