देवळ्याला न थांबता

मुलीची बंगळूरची नोकरी पक्की झाल्यापासून आमच्या घरात सगळ्यात शांत तीच होती. तिची आई चिवड्याचे डबे भरत होती आणि मी काळजी करत होतो. घरकामात माझ्या वाट्याला तेवढंच येतं. भांडी मला घासता येत नाहीत यावर मायलेकींचं एकमत आहे.

एका संध्याकाळी ती तिकडच्या होणाऱ्या रूममेटशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. ती मुलगी आईवडिलांबरोबर कुठं कुठं फिरली ते सांगत होती. केरळ झालं, सिक्कीम झालं, अंदमान झालं, मध्येच कुठल्याशा वाळवंटातला तंबू झाला. मग तिनं विचारलं, "और तुम लोग?"

"हम लोग?" माझी मुलगी म्हणाली. "हम शादियों में जाते हैं."

दोघी खूप हसल्या. मी शेजारच्या खोलीत पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसलो होतो. मीही हसलो. मग हातातला स्क्रू कुठं पडला तो काही सापडेना.

कारण ती खरं बोलत होती. अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यातली माझी रजा आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुहूर्तांनी ठरवली. लग्न, साखरपुडा, जावळ, वास्तुशांत. पोरीनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एका साखरपुड्याच्या हॉलच्या गच्चीवरून, आणि पंगत बसली म्हणून आम्हीच तिला हाताला धरून खाली आणलं. राज्याचा नकाशा मला रस्त्यांनी पाठ नाही, जेवणांनी आहे. आणि आता ती निघाली होती. एकदा निघालेली पोरं सणाला येतात, पण आईबापांबरोबर फिरायला कुठं येतात?

जेवताना मी जाहीर केलं. "आपण तिघंच दोन दिवस फिरायला जायचं. कुणाच्या घरी नाही. लॉजवर उतरायचं."

"लॉजवर?" बायको म्हणाली. तिच्या आवाजावरून मी पोलिसांची धाड सुचवली असावी असं वाटलं.

नातेवाईक नसलेली जागा शोधणं सोपं गेलं नाही. कोकणात माझा चुलतभाऊ, महाबळेश्वरच्या वाटेवर तिची मामेबहीण. शेवटी सातपुड्यातलं तोरणमाळ सापडलं. डोंगर, तलाव, आणि आपलं कोणी नाही. "असं कसं कोणी नाही," म्हणून बायको दोन दिवस आठवत राहिली, पण खरंच कोणी नव्हतं.

अडचण वाटेतली होती. सरळ रस्ता जातो देवळ्यावरून, आणि देवळ्याला बायकोची थोरली बहीण. आमच्याकडे नातेवाइकाच्या गावावरून जाऊन घरात पाय ठेवला नाही, तर ते भांडणापेक्षा वाईट. भांडण मिटतं, हे मात्र पुढच्या प्रत्येक लग्नात पंगतीत वाढलं जातं. बरं, थांबलं तर नुसता चहा कधी होत नाही. चहानंतर जेवण, जेवणानंतर कांदाचाळीत साठवलेला कांदा बघणं, आणि मग "आता कुठं जाता अंधाराचं". म्हणून मी ठरवलं, मालेगाव, धुळे असं हायवेनं लांबून जायचं. कुणाला सांगायचं नाही. स्टेटसला फोटो टाकायचा नाही.

"अहो, ताईला कळलं तर?" बायकोनं निघताना विचारलं.

"कळेल कसं?" मी म्हणालो. बोलताना खिडकी का लावून घेतली, कोण जाणे.

पिंपळगाव गेलं, चांदवडचा घाट गेला. देवळ्याकडे वळणारा फाटा जवळ यायला लागला तसा मी सीटवर खाली सरकून गाडी चालवू लागलो, जणू मेव्हणी तिथं पदर खोचून उभीच असणार. धीर यावा म्हणून फाट्याच्या अलीकडे चहाला थांबलो. चहा आला आणि बायकोचा फोन वाजला. ताई.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी चहाकडं. तिनं घाबरून फोन उचलताना स्पीकरच दाबला.

"काय गं, कुठं हाय?"

"कुठं म्हणजे... घरीच की, ताई."

नेमका त्याच वेळी मागून कंटेनर हॉर्न वाजवत गेला.

"घरात ट्रक घुसला काय?" मेव्हणी म्हणाली.

बायकोचा चेहरा असा झाला की मुलीनं फोन तिच्या हातातून काढून घेतला. "मावशी, आम्ही चांदवडच्या पुढं आहोत. तोरणमाळला चाललोय. पप्पा तुला चुकवून चाललेत."

मी हिशोब करत होतो की हे कुठल्या लग्नात निघेल.

"चुकवा की," मेव्हणी म्हणाली. "पण जेवून चुकवा. पाहुण्यांना म्हणावं, बाजरीच्या भाकरी टाकते. पोरगी चालली एवढ्या लांब, तिचं तोंड तरी बघू दे. पुन्हा कधी यायची ती."

बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मी घड्याळ बघितलं. देवळ्याला गेलं तर आज तोरणमाळ होत नाही, आणि मला अंधारात घाट चढवत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. उद्याचा दिवस परतीचा. म्हणजे सहल संपलीच. तरी माझा हात गाडीच्या किल्लीकडं गेला. तोंडातून "चला, अर्धा तास" निघणारच होतं. एवढी वर्षं तेच निघत आलंय.

"मावशी, आत्ता नाही जमणार गं," मुलगी म्हणाली. आवाज गोड होता, त्यात जराही ओझं नव्हतं. "मी करते ना फोन तुला तिकडून. व्हिडिओ कॉल करू." आणि तिनं फोन ठेवला. "चला पप्पा, पुढं."

मला हवं होतं तेच झालं होतं. फाटा आला, मी वेग कमी केला नाही. मालेगाव येईपर्यंत बायको ताईचा नंबर काढून बघत होती आणि फोन परत पर्समध्ये ठेवत होती. मी आरशात बघत होतो. मुलगी कानात हेडफोन घालून खिडकीबाहेरचे पॉवरलूमच्या कारखान्यांचे पत्रे बघत होती, अगदी निवांत. इतक्या मायेच्या माणसाला नाही म्हणून पुढं जायचं, हे आम्ही तिला कधी शिकवलं नव्हतं. आम्हालाच येत नाही. ती कुठून शिकली? आणि उद्या फोनच्या या टोकाला आम्ही असलो, मी म्हणालो, ये गं दोन दिवस, तर तिकडूनही असाच गोड आवाज येईल का? धुळ्याला पेट्रोल भरताना मी तिला उगाच विचारलं, "भूक लागली का?" ती "नाही" म्हणाली. शिरपूरला परत विचारलं.

ऊन असतानाच पोचलो. लॉज स्वच्छ होता, बायकोनं तरी चादर झटकली. तलावाच्या काठावर आम्ही तिघं बसलो. वारा होता, पाणी हलत होतं, आणि आता काय करायचं हे मला कळेना. कुणी "बसा" म्हणत नव्हतं, कुणी पाणी आणत नव्हतं.

"पप्पा, इथं आपल्याला कोणीच ओळखत नाही," मुलगी म्हणाली. "किती बरं वाटतं ना?"

"हो ना," मी म्हणालो.

बायको केव्हाच उठली होती. काठाकाठानं चालत, फोन डोक्यावर धरून ती रेंज शोधत होती.