रंधा मशीनचा आवाज

गुढियारीच्या आमच्या फर्निचर कारखान्यात रंधा मशीनवरून सागाचा आखूड तुकडा उलटा उडाला आणि माझ्या मोठ्या भावाचा हात फिरत्या पात्यांवर गेला. दोन बोटांचा चेंदा भुशात पडला. रक्त टेबलावरून गळत होतं आणि मशीन तशीच चालू होती.

जखम भरल्यावर आम्ही नवी मशीन बघायला गेलो, वहिनीही आली. दुकानदाराने बारीक दातांच्या स्पायरल कटरची मशीन सुरू केली. "देखो भैया, आवाजच नाही."

"मंग कटर फिरून राहिला का थांबला, मले कसं समजन?" भाऊ म्हणाला. त्याला जुनीसारखी, आवाज करणारी सरळ पात्यांचीच हवी होती.

वहिनी म्हणाली, "जुनी तर बोंबलतच होती. तवा काय समजलं तुमाले?"

भावाने स्पायरल घेतली. कटर थांबला का, हे तो आता वाकून बघतो आणि बघताना दोन्ही हात पाठीमागे धरतो.