जिभेवरचं हाड

लॉन्ड्रीवालीला सगळी गल्ली 'रेडिओ' म्हणायची. कपडे टाकायला आलेलं माणूस पायरी उतरेपर्यंत त्याच्या घरची खबर तिच्याकडे जमा झालेली असे. नवरा मागे इस्त्री फिरवत असायचा. दिवसभरात त्याने तोंड उघडलं तर नशीब.

गेले काही महिने मात्र तिला घशाशी काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. घास पाण्याने ढकलावा लागे, दात घासताना उमासे येत. शेवटी आरशासमोर तोंड वासून तिने बॅटरी मारली. जिभेच्या पार मागे वाटाण्याएवढी गाठ होती. धाकटा दीर तोंडाच्या कॅन्सरने गेला होता, त्याचं शेवटपर्यंतचं सगळं नवऱ्यानेच केलं होतं. आता त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

एका दुपारी त्याने इस्त्री उभी ठेवली. "तू ताटातलं अर्धं टाकून उठतेस. काय होतंय?"

"काही नाही हो."

"सांग."

तिने सांगितलं. त्याने हातातल्या शर्टाची घडी पुरी केली, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि शटर ओढलं.

डॉक्टरीणबाईंनी बोटाने गाठ चाचपली, फोटो काढला. "हाडाची गाठ आहे. जिभेवर असं हाड फार क्वचित वाढतं. कॅन्सर वाटत नाही. देठापासून काढू आणि तपासायला पाठवू."

ती नवऱ्याकडे वळली. "आणि सासूबाई जन्मभर म्हणत राहिल्या, हिच्या जिभेला हाड नाही."

तो हसला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला.

भूल देऊन गाठ काढली. तपासणीत वावगं काही निघालं नाही. मात्र जीभ सुजली होती, जखम भरेपर्यंत बोलायची मनाई होती. संध्याकाळी तो गार दूध घेऊन तिच्याजवळ बसला.

"मास्तर आले होते," तो म्हणाला. "कोटाचं हरवलेलं बटण सापडलं त्यांचं." थांबला. "खिशातच होतं."

तिने मान हलवली, पुढे बोला म्हणून.

"बायको माहेरी गेलीय. कॉलर स्वतः घासतात. मळ तसाच."

मग रोज संध्याकाळी तो गल्लीतलं काही ना काही आणू लागला. तिची जखम भरली, बोलायची परवानगीही मिळाली. तरी ती गप्पच राहिली. त्याचं ऐकायला तिला बरं वाटत होतं.

एकदा समोरच्या न्हाव्याच्या मुलीचं लग्न कसं जमलं ते सांगताना तो मधेच थांबला.

"मग?" तिने विचारलं. आवाज अजून जाडसर होता.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग स्टूल पुढे ओढून म्हणाला, "मग काय, मुलानेच नाही म्हटलं आधी."

"का?"

"ऐक तर."